आज पोरीचं कन्यादान झालं

आज दुपारी कोरेगावात आमच्या पोरीचं लग्न लागलं. मंडपवाले गाद्या उचलतायत आणि मी कोपऱ्यात बसून लिहितेय.

सकाळपासून एकच प्रश्न, "तुझा नवरा आला न्हाई व्हय?" सगळ्यांना एकदाच सांगते.

हे अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या दुकानात कामाला होते. तिथं दरोडा पडला, यांच्या पायात गोळी लागली. बाकीचे घाबरून गप्प बसले. यांनी पोलिसांना चोर ओळखून दिले, कोर्टात साक्ष दिली. अशा जखमी परदेशी माणसानं पोलिसांना मदत केली, तर त्याला तिथं राहू देतात, असा त्यांचा कायदा आहे. अर्ज केलाय, पण मंजुरीला वर्षं लागतात. त्याआधी देश सोडला तर परत जायची वाट बंद. तिकडं दुसरं घर केलंय म्हणणाऱ्यांनी एवढं वाचावं.

कन्यादानाला जोडपं लागतं. भटजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा, दीर-जावेला बसू द्या." झाले बाजूला. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीचा हात जाऊबाईंनी दिला.

व्हिडिओ कॉल चालूच होता. सगळं उरकल्यावर हे म्हणाले, "समदी दिसली. तू कुठं हुतीस गं?"

"आवं, फोन मीच धरला हुता की."



आज कुणीकुणी फोटो काढलेत? एखाद्यात चुकून मी आले असले तर पाठवा. यांना पाठवायचाय.