आईचे हात काय सांगत होते

माझा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. शेवगावजवळच्या आमच्या गावात सगळे त्याला मुका म्हणायचे. घरात त्याच्याशी बोलायची ती फक्त आई, आणि त्या दोघांच्या खुणा त्या दोघांनाच ठाऊक. मी डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, वर्षानुवर्षं पोरांना अक्षरं शिकवली. दादाच्या खुणा शिकायला मात्र मला कधी सवड झाली नाही. जेव, ये, जा, एवढ्यावर आमचं भागायचं.

आई आजारी पडली तेव्हा तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. मी सोबत राहिले. दादा गावीच राहिला. गुरं होती, कापूस वेचणीला आला होता. शेवटचे तीन दिवस आईची वाचा गेली, पण हात थांबेनात. डाव्या भुवईला बोट लावायची, मग मूठ छातीवर टेकवायची. पुन्हा भुवई, पुन्हा मूठ. मला वाटलं, तापात भ्रम झालाय. सलाईनची सुई निघायला लागली तशी नर्स म्हणाली, "मॅडम, हात धरून ठेवा जरा." मी धरून ठेवला. आई सोडवून घ्यायला बघत होती, तरी धरून ठेवला.

आईला अग्नी दादानेच दिला. पुढे त्याचे हात हळूहळू गप्प झाले. तो धाकट्या भावाकडे जेवायचा, राबायचा, झोपायचा. त्याच्याशी कोणी बोलत नाही हे सहा वर्षं आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग माझ्या वर्गात एक बहिरी मुलगी आली आणि मला खुणांच्या भाषेच्या प्रशिक्षणाला पाठवलं. बावन्न वर्षांची मी, त्या वर्गात सगळ्यात ढ. शिकलेलं दादाला दाखवायला एका रविवारी गावी गेले. त्याला त्यातलं काहीच कळेना. तो हसला, आणि त्याने स्वतःच्या खुणा शिकवायला सुरुवात केली. तेव्हापासून दर रविवारी मी वही घेऊन जाऊ लागले.

एकदा मी माणसांच्या खुणा विचारल्या. भावजयीसाठी त्याने नाकाशी नथ दाखवली, माझ्यासाठी खांद्यावरचं दप्तर. स्वतःसाठी त्याने डाव्या भुवईला बोट लावलं. लहानपणी तिथे बैलाचं शिंग लागलेलं, त्याचा व्रण होता. माझा पेन थांबला. मी मूठ छातीवर टेकवून दाखवली. त्याने लांबचा तांब्या उचलून जवळ आणून ठेवला आणि तीच खूण केली. जवळ आण.

"काय झालं ओ ताई? तोंड लई उतरलंय," भावजय म्हणाली.

"ऊन लागलं," मी म्हणाले.

पुढचे तीन रविवार मी गेले नाही. फळ्यावर लिहिताना आईचं मनगट माझ्या मुठीत आहे आणि ते सुटायला बघतंय, असं वाटायचं. डबा खाताना वाटायचं, एसटीत बसल्यावर वाटायचं.

चौथ्या रविवारी त्याला सगळं सांगितलं, त्याच्याच खुणांनी. आई. दवाखाना. भुवई, मूठ. मग माझंच मनगट दुसऱ्या हाताने आवळून दाखवलं, की मी तिला असं धरलं होतं. तो चिडेल, उठून जाईल, अशी माझी तयारी होती. त्याने बोटाने सांगितलं, पुन्हा. मी पुन्हा सांगितलं. त्याने चार वेळा सांगायला लावलं. माझ्या मनगटाकडे त्याने पाहिलंच नाही. भुवई आणि मूठ तेवढी बघत राहिला. मग उठून गुरांना पाणी पाजायला गेला.

आता दर रविवारी तो त्या तीन दिवसांबद्दल काहीतरी विचारतो. काय खाल्लं? खिडकी होती का? लुगडं कोणतं? प्रश्नातली एखादी खूण मला येत नसली, की आधी तो ती शिकवतो. दोनतीनदा करून घेतो. मग हात मांडीवर ठेवतो आणि माझ्या हातांकडे बघत बसतो.