चरवीतली चौथी चिठ्ठी

आमच्या घरात माझ्याबद्दल एक समज आहे — गिरिजाच्या पोटात काही राहत नाही. खरंच आहे. भाजीत मीठ जास्त पडल्यापासून जावेशी झालेल्या कुरबुरीपर्यंत मी सगळं सांगून मोकळी होते. एवढं एक सोडून. हे नवऱ्याला माहीत नाही, पोरींना नाही. आज तुम्हाला सांगतेय — आणि बघा, अजून भलतंच बोलत बसलेय.

आमचं लातुरात कापडाचं दुकान. भूकंपानंतर सासऱ्यांनी — अप्पांनी — सासूबाईंच्या नावानं एक प्रतिष्ठान काढलं. प्रतिष्ठान म्हटलं की मोठं काही वाटतं. आमचं म्हणजे बैठकीतलं एक कपाट आणि त्यातल्या फायली. आसपासच्या गावांतल्या लहानसहान संस्थांना मदत करायची, एका वेळी एकीलाच, पण तीन वर्षं सलग. कुणाला, यावरून अप्पांच्या तिघा मुलांची हमखास जुंपायची. म्हणून अप्पांनी रीत पाडली. चार नावं सगळ्यांनी मिळून ठरवायची. दर तीन वर्षांनी, शिवरात्रीची पूजा झाली की त्यांच्या चिठ्ठ्या पितळी चरवीत टाकायच्या आणि अप्पांनी डोळे मिटून एक काढायची. निघेल ती महादेवाची मर्जी. मग कुणी ब्र काढायचा नाही. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं — अक्षर चांगलं ना माझं!

पण थांबा, त्याआधी साडीचं सांगायला हवं.

भूकंपानंतर किल्लारीकडच्या एका गावात, पत्र्याच्या शेडपुढं आम्ही कपडे वाटत होतो. दुकानातले तागे अप्पांनी दिले होते. माझ्या कपाटातल्या साड्या मी नेल्या होत्या — कुठल्या? ज्या मी नेसणार नव्हते त्या. एका तरण्या बाईच्या हातात मी एक ठेवली. तिचा नवरा ढिगाऱ्याखाली गेला होता. तिनं साडी सगळ्यांसमोर उलगडली. पदराला इस्त्रीनं जळालेलं भोक, चांगलं बोट जाईल एवढं. मला ते माहीत होतं. तिनं साडी पुन्हा नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"बाई, घर पडलंय आमचं, डोळे न्हाई गेले."

बाया हसल्या. तिथं किती दिवसांनी कुणी हसलं असेल, कोण जाणे. मला मात्र एवढंच कळलं, की त्या मला हसल्या.

पुढं दहा-बारा वर्षं गेली. लातुरात क्लासेसचा सुकाळ झाला. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारावर 'विद्यार्थ्यांसाठी खोली मिळेल' अशी पाटी लागली. खेड्यांतले मुलगे डॉक्टर व्हायला यायचे; मुलींना पाठवायला आईबाप कचरायचे. अशात एक दिवस बैठकीत एक बाई अर्ज घेऊन आली. शमीम तिचं नाव. नव्यानं वसलेल्या गावात शिलाईचा वर्ग चालवायची, आणि संध्याकाळी त्याच खोलीत अकरावी-बारावीच्या मुली अभ्यासाला बसायच्या. लातूरचे एक सर फुकट शिकवायला तयार होते, पण त्यांची आठवड्यातून दोनदा ये-जा आणि पुस्तकं यांचा खर्च कोण बघणार?

"पोरी तं जीव तोडून अभ्यास करून राहिल्या, अप्पा," ती म्हणाली. "सर आले न्हाईत तं खोली बंदच पडती बगा."

आवाजावरून मी ओळखलं — साडी परत करणारी तीच ही. तिनं मला ओळखलं नाही — की ओळखून दाखवलं नाही? दोन्ही मला सारखंच झोंबलं.

त्या शिवरात्रीला मी चार चिठ्ठ्या लिहिल्या. चारहींच्या घड्या घातल्या. तीन चरवीत टाकल्या. चौथी, शमीमच्या नावाची, बेलाच्या पानांखाली निर्माल्यात खुपसली. अगदी शांतपणे केलं हो.

लातुरातल्याच एका वाचनालयाचं नाव निघालं. अप्पांनी चिठ्ठी वाचून चरवीशेजारी ठेवली. मग म्हणाले,

"गिरिजा, त्या शिलाईवाल्या बाईची घातली होतीस नं?"

"हाव अप्पा, घातली होती."

"मनातून तीच निघावी वाटत होतं मला. पण न्हाई त्याच्या मनात." आणि त्यांनी पिंडीला हात जोडले.

चरवी त्यांच्या पुढ्यातच होती. डोकावले असते तर तीनाऐवजी दोनच चिठ्ठ्या दिसल्या असत्या. पण सुनेनं सांगितल्यावर सासरा डोकावून बघतो का?

ज्यांचं नाव निघालं नाही त्यांना पत्र जायचं. तेही मीच लिहायची. 'आपल्या संस्थेचे नाव चिठ्ठ्यांमध्ये होते, परंतु...' शमीमला मी ते माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

सरांचं येणं वर्षाच्या आत थांबलं. पुस्तकं आलीच नाहीत. संध्याकाळची खोली बंद पडली. दिवसाची मशीनं तेवढी राहिली. त्या मुलींचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही. चारांतली एक चिठ्ठी, तिचीच निघाली असती कशावरून — असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण न निघणं वेगळं आणि नसणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं.

अप्पा मागच्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं, की महादेवालाच ती खोली नको होती. देवाच्या अंगावर ढकललं मी ते.

तिसऱ्या दिवशी शमीम जीपनं भेटायला आली. केस पांढरे झालेले. अप्पांच्या फोटोसमोर बसली, डोळे पुसले, आणि मला म्हणाली,

"निघालं न्हाई ते आमचं नशीब, बाई. पन अप्पांनी आमचं नाव चरवीत टाकलं, तेच लई. आमच्यासारख्याचं नाव कोन टाकतंय? ते पत्र अजून मशीनच्या खणात हाय."

बैठकीत आम्ही दोघीच होतो. सांगायला दुसरी कुठली वेळ हवी होती मला?

मी तिला चहात साखर किती, ते विचारलं. चहा पिऊन ती गेली. ते पत्र अजून तिच्या खणात आहे.