शेरडं राखणारी

त्या काळी मी गुंजी स्टेशनावर तारबाबू होतो. रविवारी दुपारी आम्ही मित्र फलाटाच्या फरशीवर खडूने पट आखून वाघ-बकरी खेळायचो. तीन खडे म्हणजे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघांनी उडी मारून बकऱ्या खायच्या, चिंचोक्यांनी वाघांना कोंडायचं. वाघ नेहमी माझे असत.

एकदा गाडीची वाट बघणारी एक पोक्त बाई बराच वेळ आमचा डाव पाहत होती. मग हातातली काठी बाजूला ठेवून सरळ माझ्यासमोर बसली.

"शेरडं मला द्या. त्यास्नी राखण्यातच जलम गेला माझा."

पहिला डाव ती हरली, दुसराही हरली. मित्र हसले. तिने पुन्हा चिंचोके मांडले. तिसरा डाव रंगात आला आणि गाडी आली.

"आक्का, गाडी!" मी म्हणालो.

"जाऊ दे, अण्णा. अर्ध्यावर शेरडं सोडून मी कवाच गेल्याली न्हाय."

गाडी गेली. ती प्रत्येक चिंचोक्यावर बोट टेकवून आधी बाकीच्यांकडे नजर फिरवायची, मगच तो सरकवायची. शेवटी माझा तिसरा वाघही कोंडला. ती हसली नाही. काठी उचलून रुळांच्या कडेने पुढच्या लोंढा स्टेशनाकडे चालत निघाली.

हरायला लागलो की डाव विस्कटून उठायची मला खोड होती. त्या दुपारपासून ती खोड गेली.