अंबुबाईची धार

माघातल्या दशमीला भंडाऱ्याच्या डोंगराकडं दर्शनाला पायी निघालेली माणसं महाळुंग्यावरून जायची, तिथं चिंचेखाली अंबुबाईचा रांजण असायचा. रीत सासूपासूनची. रांजणाला परक्याचा हात लागायचा नाही. ती झारीनं वरून धार धरायची आणि वाटसरूनं ओंजळीनं प्यायचं. चाकणचे म्हातारे आबाजी दरवर्षी म्हणायचे, "अंबूच्या धारेबिगर डोंगर चढवत न्हाई." त्या एका वाक्यावर बाई वर्षभर मिरवायची.

यंदा मात्र धाकट्या जावेनं, कौशल्याबाईनं, समोरच हंडे मांडले. आत वाळा टाकलेला! पिंपरीकडं कारखाने निघाल्यापासून गर्दी मुलखाची वाढली होती, आणि ती सगळी मेली तिकडंच वळायची. एकेकाला धार घालेस्तोवर अंबुबाईची रांग कंटाळून समोर जायची. शेवटी तिचा तोल सुटला. झारी बाजूला ठेवून तिनं रांजणाचं झाकण काढलं.

"या रं, आपापल्या हातानं घ्या! खोळंबायचं काम न्हाई!"

आली की माणसं! देवाला निघालेली, पण रीतभात घरी खुंटीला टांगून. कुणी उष्टा तांब्या बुडवला, कुणी रांजणातच हात खंगाळले.

"अरं मुडद्यांनो, प्यायचं पाणी हाय त्ये!"

कोण ऐकतो? रेटारेटीत रांजण कलंडला, फुटला. चिखल तुडवत, विठ्ठल विठ्ठल करत गर्दी पुढं गेली.

मागून काठी टेकत आबाजी आले. त्यांना आता धड दिसत नव्हतं. चिंचेच्या नेहमीच्या मुळीवर बसून त्यांनी ओंजळ पुढं केली.

"घाल गं, अंबू."

समोर जा, असं सांगायला अंबुबाईची जीभ रेटेना. रिकामी झारी घेऊन ती स्वतःच जावेपुढं उभी राहिली. कौशल्याबाईनं झारी भरली आणि मागोमाग आली.

आबाजी पोटभर प्याले. मिशा पुसत म्हणाले, "अंबू, इतक्या वर्सांत आज पाणी खरं ग्वाड लागलं बघ. वाळा टाकलास व्हय?"

अंबुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आता ही सटवी सगळं सांगणार, म्हणून तिनं मान खाली घातली.

"आक्काच्या हातचंच हाय, बाबा," कौशल्याबाई म्हणाली.

त्यापेक्षा तिनं चारचौघांत भांडण काढलं असतं, तर अंबुबाईला सोसलं असतं.