सिरियलमधल्या घरात मुलगी देणे

पाव्हणे चहा न घेताच उठले, हे मंदाताईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पारगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो होतो. आमच्याकडे मुलाचं घर बघायला आलेले पाव्हणे चहा न घेता उठले की पुढचं काही विचारायचं नसतं. तरी मी विचारलं.

"तुमच्या शिरेलीनं घात केला, भाऊ," मंदाताई म्हणाल्या. "आता तुमीच निस्तरा."

मी टीव्ही सिरियलचा लोकेशन मॅनेजर. गोष्टीत घर, विहीर, दवाखाना, जे लागेल ते शोधायचं, मालकाला पटवायचं, शूटिंग संपेपर्यंत त्याची बोलणी खायची आणि शेवटी फुटलेली कौलं बदलून द्यायची. शोधत हिंडण्याला रेकी म्हणतात. माझं निम्मं आयुष्य रेकीत गेलं. गुडघेही तिथेच गेले.

ही सिरियल एका दुष्ट सासूची होती. मुंबईच्या क्रिएटिव्ह मॅडमना तिच्यासाठी 'बघताच पोटात गोळा येईल' असं घर हवं होतं. मी घोडेगावपासून वर भीमाशंकरपर्यंत घरं बघितली. सगळीकडे स्लॅब, स्टीलचं रेलिंग, दारात टाइल्स. फोटो पाठवले की मॅडमचं एकच उत्तर, "हे गाव वाटत नाही." त्यांचं गाव शाळेच्या पुस्तकातल्या धड्यात होतं आणि तिथून ते कधी हललंच नाही. त्या स्लॅबच्या घरांत राहणाऱ्यांना विचारावं, की बाबांनो, हे गाव नाही तर तुम्ही कुठे राहता? पण ते काम माझं नाही.

शेवटी शिनोलीला मंदाताईंचं घर सापडलं. कौलारू, लांब ओसरी, ओसरीवर झोपाळा आणि मधोमध जुनं निळं दार. मंदाताई विधवा, मुलगा महेश एकुलता. गोठ्यात जर्सी गाई, डिंभे धरणाचं पाणी, थोडा ऊस. मुलगा निर्व्यसनी आणि तरी लग्न जमत नव्हतं, कारण शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. टीव्हीवर घर दिसलं की नाव होईल आणि स्थळं येतील, या हिशेबाने मंदाताई तयार झाल्या. मीही हो हो म्हणालो. आम्ही अशा वेळी कशालाही हो म्हणतो.

आमच्या आर्ट डिपार्टमेंटने त्या घराचं काय केलं ते सांगायला हवं. चुना दिलेल्या स्वच्छ भिंती चहाच्या पाण्याने आणि काजळीने मळवल्या. छपरावरचा सोलर गोणपाटाने झाकला. अंगणातलं तुळशीचं वृंदावन उचलून गोठ्यामागे नेलं, कारण दुष्ट सासूच्या दारात तुळस शोभत नाही. आणि हे सगळं तसंच ठेवायचं, असं बजावलं. याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. आज भिंत काळी आणि पुढच्या भागात पांढरी दिसली तर प्रेक्षक बोंब मारतात. म्हणून शूटिंग नसलं तरी घराने सिरियलसारखंच दिसायचं.

पिंपरी पेंढारचं स्थळ आलं ते या मळवलेल्या घरात. मुलगी प्रियांका, नारायणगावला एका हॉस्पिटलात नर्स. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते, पत्रिका जुळली होती. मध्यस्थाने कौतुकाने सांगून ठेवलं होतं की सिरियलमधलं घर ते हेच. मुलीची आत्या ती सिरियल एकही भाग न चुकवता बघते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. आत्याबाई अंगणात आल्या, सिरियलमध्ये ज्याच्यामागे सुनेला कोंडलंय ते निळं दार बघितलं आणि पायरीशीच थांबल्या. तुळस कुठाय, विचारलं. गोठ्यामागं हाय, असं महेश म्हणाला. संपलं.

मी पिंपरी पेंढारला गेलो. मुलाच्या घरच्यांनी विनवायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी. आत्याबाईंना आई नसलेल्या भाचीची काळजी होती, त्यांनीच तिला वाढवलं होतं. बाई समंजस निघाल्या. चहा दिला, सासूचं काम करणाऱ्या बाईंची चौकशी केली, सुनेची त्या खोलीतून सुटका होणार का तेही विचारलं. मला माहीत नव्हतं. ते लेखकालाही माहीत नसतं.

मग मी समजावलं. म्हटलं, सुनेला कोंडलेली खोली मुंबईच्या स्टुडिओत आहे, प्लायवूडची. निळ्या दारामागे खरं तर फ्रिज आणि शिलाई मशीन आहे. कुत्रं रडतं तो आवाजही नंतर घातलेला, शिनोलीतली कुत्री दिवसभर झोपतात. त्या मान डोलवत होत्या.

"मला काय कळत नाय का, भाऊ? नाटक हाय ते," त्या म्हणाल्या. "पन रोज जेवताना ते दार बघतीय मी. आमची पोरगी त्या दारातनं आत चाललीय, असं डोळ्यापुढं येतं आन घास उतरत नाय. त्याला काय करू?"

 मग मी पुरावा काढला. शूटिंगच्या वेळचा एक फोटो फोनमध्ये होता. दुष्ट सासू आणि मंदाताई झोपाळ्यावर शेजारी बसून लसूण सोलतायत. आमच्या त्या बाई अगदी गरीब स्वभावाच्या, मुंगीलाही वळसा घालतील. फोटो बघून भीती जाईल असं मला वाटलं. आत्याबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला. मग बोट ठेवून म्हणाल्या, "दोघी सारख्याच बसल्यात बघा." बोट मंदाताईंवर होतं. मी फोन खिशात घातला. आणखी फोटो होते, पण दाखवायची हिंमत झाली नाही.

प्रियांका ड्यूटीवरून आली. मला वाटलं, शिकलेली मुलगी आहे, ती तरी आत्याला गप्प करेल. ती म्हणाली, "मी सिरियल बघत नाही. महेश मला आवडलाय. पण उद्या तिथं साधं भाजीवरून वाजलं, तरी आत्याला ते सिरियलमधलंच वाटणार. रोज फोन येणार, बरी आहेस ना म्हणून. एक दिवस मलाच वाटायला लागेल, की मी बरी नाही. तुम्ही घर तरी बदला, नाहीतर सिरियल तरी."

मुलगी शहाणी होती. तिने माझ्या हातात नसलेल्या दोनच गोष्टी मागितल्या.

मॅडमना फोन लावला. सासू थोडी सुधारता येईल का, विचारलं. त्या हसल्या. सासू सुधारली तर सिरियलमध्ये उरेल काय? मग घर रंगवायची परवानगी मागितली. त्याला सरळ नाही. त्या घरामुळेच टीआरपी आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, एका मुलाचं लग्न मोडतंय. त्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाल्या, "किती टिपिकल गाव आहे ना." मी फोन ठेवून दिला. या धंद्यात ओरडून काही होत नाही. दमलेल्या माणसाला तेवढं तरी कळलेलं असतं.

मग धंद्यातलीच युक्ती वापरली. सिरियलमध्ये घर बाहेरून दिसतं ते बहुतेक वेळा क्षणभरच, प्रसंग कुठे घडतोय ते कळावं म्हणून. असे शॉट एकदम काढून साठवून ठेवता येतात. त्याला स्टॉक म्हणतात. मॅडमना सांगितलं, की युनिट दरवेळी शिनोलीला आणण्यापेक्षा एकदाच सगळं काढून घेऊ. खर्च वाचेल. हे त्यांना चटकन पटलं. लग्नापेक्षा खर्च लवकर पटतो.

एक दिवस फक्त घराचे शॉट घेतले. दार बंद, दार उघडं, झोपाळा हलतोय, थांबलाय. पाइपने पाणी मारून पाऊस केला. रात्रसुद्धा दुपारीच काढली, अंधार कॉम्प्युटरवर घालतात. संध्याकाळी मी मंदाताईंना म्हटलं, घर तुमचं. उद्या काय वाटेल ते करा.

त्यांनी भिंतींना पिस्ता रंग दिला. निळं दार काढून स्टीलचं सेफ्टी डोअर बसवलं. झोपाळा काढला, तुळस अंगणात आली. आत्याबाईंना पुन्हा बोलावलं. मी मुद्दाम हजर होतो. त्यांनी अंगणातून चहूकडे बघितलं, "हां, आता बरंय," म्हणाल्या आणि आत जाऊन चहा घेतला. त्याच छपराखाली, त्याच ओसरीवरून जाऊन. दिवाळीनंतर लग्न झालं. सिरियल अजून चालू आहे, दार अजून निळं आहे, आत्याबाई अजून जेवताना बघतात.

परवा भीमाशंकरकडे रेकीला चाललो होतो, म्हणून शिनोलीत थांबलो. महेश खूश दिसला. प्रियांका ड्यूटीवर गेली होती. मंदाताई वाळल्यासारख्या वाटल्या. सून कशी आहे, विचारलं. "लई गुणाची," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "परवा दूध उतू चाललं व्हतं. गॅस बघ गं, असं जरा मोठ्यानं म्हनले, तर शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. तवापासनं मी हळूच बोलते. काय सांगायचंच झालं तर महेशला सांगते, त्यो तिला सांगतो. ती बिचारी इचारती, आई, माझ्यावर रागावलाय का?"

सिरियल संपली की लोक विसरतील, असं मी म्हणालो. माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

"घराला रंग दिला, भाऊ," मंदाताई म्हणाल्या. "मला कंचा द्यायचा?"

मी चहा पूर्ण प्यायलो आणि निघालो. हल्ली रेकीला गेलो की भिंती आणि दारं नंतर बघतो. घरात कुणाचं लग्न व्हायचंय का, ते आधी विचारतो. व्हायचं असेल तर घर कितीही मनासारखं असो, गाडी पुढच्या गावाला घेतो.