पागेल सोनाराचा उजवा हात

हेनिंग पागेल आमच्या शेजारच्याच घरात राहायचा. बाल्टिक समुद्रातल्या आमच्या उसेडोम बेटावर सोनार बरेच होते, पण अंबराला हात लावावा तो हेनिंगनेच, असं बायका म्हणत. अंबर म्हणजे जुन्या झाडांची गोठलेली राळ. घाईने घासली की तडकते. हेनिंग मात्र तिला असा हाताळायचा, जणू झोपलेलं लेकरू.

वादळ ओसरलं की तो किनाऱ्यावर अंबर शोधायला जायचा. त्या फेब्रुवारीतही गेला. मी तिथेच नवऱ्याची जाळी सोडवत होते. शेवाळाच्या ढिगातून त्याने एक खडा उचलला.

"मधासारखा आहे बघ, थेआ," म्हणाला आणि ओलाच कोटाच्या खिशात टाकला.

मग गप्पा मारत उभा राहिला. थोड्या वेळाने त्याच्या खिशातून धूर येताना दिसला.

"हेनिंग, पाइप विझवला नाहीस वाटतं."

"मी पाइप कधी ओढतो?"

त्याने खिशात हात घातला आणि भडका उडाला. ते अंबर नव्हतंच. युद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस समुद्राच्या तळाशी पडलेला असतो; ओला असताना अगदी अंबरासारखा दिसतो, वाळला की पेटतो. तो त्याच्या तळव्याला चिकटला. हेनिंग पाण्यात धावला, आग विझली. बाहेर आला, पुन्हा पेटली. मी ओली वाळू दाबत राहिले. तो ओरडला नाही. नुसता "हात नको, हात नको," म्हणत होता.

ग्राइफ्सवाल्डच्या इस्पितळात त्याची तीन बोटं काढली. उरलेली आखडली ती कायमची.

मग त्याची बायको गेझी घासायच्या चाकावर बसू लागली. हेनिंग मागे उभा.

"हळू. घासायचं नाही, कुरवाळायचं."

"कुरवाळतेच आहे."

खडा तडकला.

"तू बाहेर जा, हेनिंग. नाहीतर मी जाते."

पुढे दोघंही त्या खोलीत जाईनासे झाले.

किनाऱ्यावर धोक्याची पाटी लावा, म्हणून तो गावच्या कचेरीत गेला. तिथला साहेब म्हणाला, "उन्हाळ्यात येणारे पाहुणे पळतील, पागेल. आणि तुमच्यासारख्या जाणत्यालाच ओळखता आलं नाही, तर पाटी वाचून कुणाला काय कळणार?"

उन्हाळ्यात हेनिंग स्वतःच किनाऱ्यावर उभा राहिला. 'खिशात टाकू नका, डब्यात टाका,' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, हात दाखवायचा. पोरं रडायची. आयांनी तक्रार केली आणि पोलिसाने त्याला दंडाला धरून घरी आणलं.

त्या शरदात एका दुपारी सगळ्या गल्लीत पाइनचा वास पसरला. मी धावत गेले. हेनिंग डाव्या हाताने साठवलेलं अंबर चुलीत टाकत होता. एकेक खडा उजेडात धरून बघायचा आणि मग टाकायचा. गेझी उंबऱ्यात बसली होती.

"अडव ना त्याला."

"अडवून काय करू? समोर ठेवलं तर रोज बघत बसतो."

सगळं जळून गेलं. गेझी पाहुण्यांच्या विश्रामगृहात चादरी धुवायला जाऊ लागली. हेनिंग पुढे बरीच वर्षं जगला, समुद्राकडे मात्र कधी गेला नाही. गेझी त्याचा पाव कापून ठेवायची. मी सूप घेऊन गेले की तो विचारायचा, "आज वारा कुठला?"

समुद्राकडचा म्हटलं, की उठून खिडकी लावायचा.