पान नऊ, ओळ पाच

नाटक एका संध्याकाळी संपतं, पण तालमीतले किस्से साठतच जातात. आमच्या मिरजगावच्या मंडळींकडे यंदा भलतंच पीक आलं, कारण झेरॉक्स न काढता मी नाटकाची फाईल सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली. नाटक मीच लिहिलेलं, तालीमही मीच घेतो. पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणालो, "पान नऊ, ओळ पाच. घ्या!"

चौघांनी चार वेगळी वाक्यं म्हटली! ज्याच्या त्याच्या मोबाईलवरचं अक्षर लहानमोठं, त्यामुळे प्रत्येकाची पाचवी ओळ निराळी.

*

आमच्या अंगणवाडीच्या सुलभाताई अक्षर इतकं मोठं करतात की स्क्रीनवर जेमतेम तीन ओळी मावतात. मी बारावी ओळ सांगितली, तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी व्हा पुढं. माझी बारावी यायला अजून येळ हाय."

*

सलीमभाई टेलर. त्यांनी एकदा मोबाईल आडवा धरला, तर ओळी लांब झाल्या आणि संख्येनं निम्म्यावर आल्या. भलतेच खूश! "गुरुजी, असंच धरू. नाटक लवकर संपतंय!"

*

शेवटी मी हट्टानं प्रत्येक ओळीला नंबर टाकला. सुलभाताईंच्या मोबाईलवर ते नंबर वाक्यांनाच चिकटले. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "सतरा फौजदारसाहेब आले!"

"सतरा?" सलीमभाई दचकले. "एवढ्यांचा चहा कोन करनार?"

तेव्हापासून मी नंबरांचा नाद सोडला. ओळ सापडत नसेल तर वाचून दाखवायची, एवढंच ठरलं.

*

फौजदार म्हणजे विष्णू आणि चोर म्हणजे दत्तू. सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, रागाच्या भरात दत्तूनं विष्णूचा पाईप कापला, तेव्हापासून बोलणं बंद. तालमीत बोलायचे ते संवादापुरतंच. मला फार वाईट वाटायचं. दोघंही माझे विद्यार्थी, एकाच सायकलवरून शाळेत यायचे.

परवा सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "पान नऊ, ओळ पाच. दत्तू, तुझं वाक्य."

दत्तू मोबाईलकडे बघत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "दादा, माझं चुकलं."

माझ्या नाटकातला चोर फौजदाराला 'साहेब' म्हणतो. माफी तर तो कुठंच मागत नाही. 

विष्णूनं फाईल वर सरकवली, खाली सरकवली. "ही ओळ माझ्यात न्हाई."

"माझ्यात हाय," दत्तू म्हणाला.

 

"मग तुझी फाईल मला पाठव."

"कशी पाठवू? तू ब्लॉक केलंय मला."

विष्णूनं आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "गुरुजी, हे काढायचं कसं असतंय वो?"